धागा तुटला की कळतं

माइंडफुलनेस अ‍ॅपवर शिकायचं की माणसाकडून? वर्ध्यात राहून हा प्रश्न पडत असेल, तर उत्तर सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

रात्री साडेअकराला होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून बघा. एक जण रील्स बघतोय, एक जण बॅकलॉग किती राहिले ते बोटांवर मोजतोय आणि तिसरा कानात इअरफोन घालून ध्यान करतोय. अ‍ॅपमधला मऊ आवाज इंग्रजीत सांगतो, श्वासाकडे लक्ष द्या. हा देतो. तेवढ्यात वरून नोटिफिकेशन सरकतं, टेस्टचं टाइमटेबल लागलंय. झालं, श्वास राहिला बाजूला. दहा मिनिटं संपली की अ‍ॅप शाबासकी देतं, सलग पाचवा दिवस! त्या दहा मिनिटांत याचं लक्ष कुठे होतं हे अ‍ॅपला ठाऊक नसतं. स्क्रीन चालू होती एवढंच त्याला कळतं. सहाव्या दिवशी सबमिशन असतं, सातव्या दिवशी कुणाचा तरी बर्थडे. मग ते अ‍ॅप फोनच्या तिसऱ्या पानावर जाऊन बसतं, जिमच्या अ‍ॅपशेजारी.

यात पोराचा दोष नाही. पोहणं कुणी ऑडिओ ऐकून शिकत नाही, तबलाही नाही. लक्ष देणं हेसुद्धा तसंच कसब आहे. शिकायला आधी असं काहीतरी लागतं की ज्यात चुकलं तर लगेच दिसेल. आणि दुसरं म्हणजे बाजूला कुणीतरी लागतं, आपल्याला बघणारं.

गंमत म्हणजे ज्यांनी ही गोष्ट अमेरिकेत दवाखान्यापर्यंत नेली, त्यांनी शिक्षकाला बाजूला केलं नव्हतं. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये दुखण्याने त्रासलेल्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स सुरू केला. दर आठवड्याला लोक एकत्र बसायचे, समोर शिकवणारा असायचा, घरचा अभ्यास असायचा, आणि पुढच्या वेळी काय जमलं, काय नाही ते बोलायचे. मूळ विद्या बौद्ध परंपरेतली. पालीत शब्द आहे 'सति', म्हणजे आपली स्मृती. (मराठीत तो तसाच वापरला तर भलताच अर्थ होईल, म्हणून सजगता म्हणतात.) मला विचाराल तर मराठीत 'भान' हा शब्द पुरेसा आहे. 'भानावर ये', 'लक्ष कुठं आहे तुझं?' हे आजीने शंभरदा सुनावलेलं असतं. अ‍ॅपवाल्यांनी त्या कोर्समधला आवाज तेवढा उचलला आणि माणूस गाळला. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणा. माणूस महाग पडतो.

आता वर्ध्याचं बघू. आपल्याकडे सेवाग्राम म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. बापूकुटी बघायची, बाहेर एक फोटो काढायचा, परत. गांधीजी 30 एप्रिल 1936 ला इथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. सेवाग्राम हे नाव 1940 मधलं. हे जीकेसाठी पाठ असतं. पण तिथे अजूनही सूतकताई होते, आणि ती कधी स्वतः करून बघितली आहे का, असं विचारलं तर वर्गात चार हात वर होतील की नाही शंका आहे.

पेटी चरखा उघडला की दोन चाकं, माळ आणि एक चाती. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताच्या चिमटीत कापसाचा पेळू धरून तो सावकाश मागे न्यायचा. चाती पीळ देते, पेळूतून धागा निघत जातो. वाचायला चार ओळी. करायला बसा म्हणजे कळेल. पेळू घाईने ओढला की धागा बारीक होत होत तुटतो. चाक जास्त फिरवलं की पीळ जास्त बसतो, धागा आखडतो आणि स्वतःभोवतीच वेटोळी घालतो. चिमूट सैल सोडली तर पीळ थेट पेळूत घुसतो आणि सगळा पेळूच वळून जातो. फार घट्ट धरली तर तंतू सुटतच नाहीत. म्हणजे दोन हातांचा एकमेकांशी सतत संवाद पाहिजे, आणि तो डोक्याने ठरवून होत नाही. बोटांना कळावं लागतं.

आणि मन जरा टेस्टमध्ये गेलं, किंवा कुणाच्या डीपीत गेलं, की धागा तुटलाच. दोन सेकंदांत. श्वासावर ध्यान करताना मन गेलेलं कळायला कधीकधी पाच-पाच मिनिटं लागतात. चरखा उधारी ठेवत नाही. पण तुटल्यावर काय करायचं, तेही तो शिकवतो. तुटलेलं टोक पेळूच्या तंतूंवर टेकवायचं, चाक हळूच फिरवायचं, तंतू एकमेकांना धरतात, पुढे चला. चिडून जोडायला गेलं तर जोडला जात नाही. ध्यानाच्या पुस्तकांत 'मन भटकलं तर त्याला न रागावता परत आणा' असं पानोपानी लिहिलेलं असतं. इथे तेच कापसात करायचं असतं.

आता यात शिकवणाऱ्याचं काम काय? व्हिडिओ बघूनही पेळू धरता येतो. येतो ना. पण व्हिडिओला तुमचा खांदा दिसत नाही. कताई शिकवणारी एखादी ताई शेजारी बसलेली असते. ती आधी धाग्याकडे बघतच नाही, तुमच्या खांद्याकडे बघते. तो कानाला लागलेला असतो. मग म्हणते, "काहून ओढून राह्यला बापा एवढा? धागा काई पळून नाई चालला." एवढंच. खांदा खाली येतो, श्वासही खाली येतो, आणि धागा हातभर लांब निघतो. हे वाक्य तिने तुमच्यासाठी, त्या क्षणी म्हटलेलं असतं. शेजारच्या मुलीला ती उलटं सांगत असते, जरा जोर लाव म्हणून.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवली पाहिजे. गांधीजींनी चरखा ताण घालवायला आणला नव्हता. रिकाम्या हाताला काम आणि गावाला कापड, हा त्यामागचा हिशेब होता. कताईला ते यज्ञ म्हणत. मनाची शांती आली तर कामाच्या मागून आली. मला हाच क्रम बरा वाटतो. शांत व्हायचंच म्हणून डोळे मिटून बसलं की दर मिनिटाला आपण तपासत राहतो, झालो का शांत?

हे शिक्षणात बसवता येतं का, असं कुणी विचारलं तर उदाहरणासाठी लांब जायला नको. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, एमजीआयएमएस, 1969 पासून आहे. तिथे एमबीबीएसला आलेल्या पोरांची सुरुवात अ‍ॅनाटॉमीने होत नाही. आधी काही दिवस आश्रमात राहायचं, झाडलोट, श्रमदान, प्रार्थना, सूतकताई. नीटचा डोंगर चढून आलेली मुलं, दोन वर्षं कोट्यात नाहीतर नागपूरच्या क्लासमध्ये घालवलेली, आणि हातात खराटा. काहींना तो निव्वळ टाइमपास वाटतो, आणि तसं वाटण्याचा त्यांना हक्क आहे. पण पेशंटसमोर बसल्यावर फोनकडे न बघता त्याचं ऐकणं, हे कुठल्या विषयाच्या पेपरात येतं? कुठेतरी सुरुवात करावी लागते. याच आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगाने ग्रासलेले. त्या काळी कुष्ठरोग्याजवळ कुणी फिरकत नसे. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केलं. भेटायला नेते यायचे, पत्रांचा ढीग असायचा, देशाचं राजकारण चालू असायचं. तरी त्या वेळेपुरते हात तिथे होते. सजगतेची व्याख्या करायची तर मी त्या कुटीसमोर उभं राहून करीन.

विनोबांचं नाव घेतल्याशिवाय वर्ध्यात हा विषय पुरा होत नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेच 'गीता प्रवचने' हे पुस्तक. त्यातल्या सहाव्या अध्यायात ध्यानाबद्दल बोलताना विनोबा तीन गोष्टी मांडतात. चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनातली परिमितता आणि समदृष्टी. सगळी अ‍ॅप्स पहिल्या शब्दावर चालतात. दुसऱ्यावर एकही चालत नाही, कारण परिमितता म्हणजे मोजकेपणा. खाणं, झोपणं, बोलणं, बघणं मोजून-मापून करणं. फोनवरच्या अ‍ॅपने तुम्हाला 'फोन ठेव' कसं सांगावं?

आपलं कसं असतं बघा. रात्री दोनला झोप, सकाळी आठच्या एसटीने हिंगणघाटहून किंवा आर्वीहून अप-डाऊन, डब्याऐवजी समोसा, दिवसभरात टपरीवरचे पाच चहा, फोनचे सहा तास. आणि त्यावर उतारा म्हणून दहा मिनिटं ध्यान! टाकी भरायला मोटर लावली आणि खालचा नळ उघडाच ठेवला, असा प्रकार. म्हणून कुणी अनुभवी माणूस भेटला तर तो आधी आसनाबद्दल विचारणारच नाही. किती वाजता झोपतोस, हे विचारेल. मग म्हणेल, आठवडाभर बाकी काही करू नको, बारा वाजता फोन खोलीबाहेर ठेव. ऐकायला अगदी साधं. पण पुढच्या गुरुवारी तो परत विचारणार आहे, हे माहीत असलं की फरक पडतो.

विपश्यनेचं उदाहरणही याच मातीजवळ येतं. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि शिबिरं घेऊ लागले. विनोबांशी झालेल्या भेटीची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. विनोबांचा सूर असा की, कैद्यांमध्ये आणि विद्यार्थ्यांमध्ये फरक पडलेला दिसला तर तुमची विद्या खरी मानू. म्हणजे थेट परीक्षाच! 1975 मध्ये जयपूरच्या तुरुंगात शिबिर झालं आणि 1994 मध्ये तिहारमध्ये हजारावर कैदी एका वेळी बसले. विद्यार्थ्यांचं म्हणाल तर महाराष्ट्रात शाळांसाठी 'मित्र उपक्रम' आला, आनापानाचा. तुमच्यापैकी काहींनी शाळेत तो केलाही असेल. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि एक डोळा किलकिला करून शेजारचा काय करतोय ते बघायचं. बरोबर ना?

हसण्यावारी नेऊ नका, त्यातही मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये याच गोष्टीचा मोठा अभ्यास झाला. पंच्याऐंशीच्या आसपास शाळा, अकरा ते चौदा वयाची आठ हजारांहून अधिक मुलं. त्यांच्याच शिक्षकांना ट्रेनिंग देऊन वर्गात माइंडफुलनेस शिकवलं. 2022 मध्ये निष्कर्ष आले. एरवी शाळेत मुलांच्या भावनांबद्दल जे शिकवतात, त्याहून या मुलांच्या मानसिक आरोग्यात काही जास्त फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव फारसा केलाच नव्हता. याचा अर्थ ही विद्या खोटी, असा मी घेत नाही. घंटा वाजली म्हणून सगळ्या वर्गाला एकदम सजग करता येत नाही, असा घेतो. ज्याला हवं आहे त्याने यावं, थोडेच असावेत, आणि शिकवणाऱ्याने आधी स्वतः काही वर्षं केलेलं असावं.

आता एक रोखठोक प्रश्न. बाप कापूस घेऊन बाजारात उभा आहे, भाव पडलेत, फीचा हप्ता थकलाय, आणि कॉलेज पोराला सांगतं, दीर्घ श्वास घे. ही थट्टा नाही का? आहे. 2006 मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आलं, त्यात वर्धा होता. इथल्या कॉलेजात येणाऱ्या कित्येकांच्या घरात किंवा शेजारात ते दुःख घडून गेलंय. त्यावर श्वास हा इलाज नाही, आणि कुणी तसं म्हणत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. कंपन्याही कामाचे तास तेच ठेवून माइंडफुलनेसचं सेशन देतात. मन तेवढं गप्प करायचं, बाकी सगळं जसंच्या तसं.

पण शांत मन म्हणजे गप्प मन, हे वर्ध्याला पटणार नाही. दर सोमवारी मौन पाळणारा, रोज सूत कातणारा माणूस इथे राहत होता आणि 14 जुलै 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी देश सोडावा हा ठराव इथेच, वर्ध्यात केला. महिनाभराने, 16 ऑगस्टला, याच जिल्ह्यातल्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि माणसं हुतात्मा झाली. (आष्टीत जे घडलं ते सगळं गांधीमार्गाने घडलं असं नाही, पण ते वेगळ्या लेखाचं काम.) भान आलं की आधी काय दिसतं? आपल्याला कशाचा राग आलाय ते नीट दिसतं. स्टेटस टाकून मोकळं होण्यापेक्षा हे अवघड आहे. फीच्या प्रश्नावर प्राचार्यांसमोर उभं राहून आवाज न चढवता, मुद्दा न सोडता बोलता येणं, हे सरावाचंच काम आहे.

राहिला प्रश्न शिक्षक ओळखायचा. गुरू म्हटलं की आपल्याला भीती वाटते आणि ती योग्यच आहे. आपल्या राज्याला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नाही. माझी कसोटी सोपी आहे. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, घरी सांगू नकोस म्हणतो, सोडून जायला निघाल्यावर शाप किंवा बिल दाखवतो, तिथून चप्पल घालायची. पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी 1959 मध्ये बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तेव्हा तिथे गादी ठेवली नाही. शेती, स्वयंपाक, प्रार्थना सगळ्या मिळून, निर्णयही सगळ्यांच्या संमतीने. एकमेकींकडूनच शिकायचं. म्हणजे शिकवणारा कुणी दाढीवालाच हवा असं नाही. तुमची गाण्याची मॅडम, आखाड्यातले वस्ताद, तीस वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर, घरी रोज टकळी चालवणारी आजी, यातलं कुणीही चालेल. शर्त एकच, त्यांनी तुम्हाला करताना बघितलं पाहिजे.

एक इशारा मात्र लक्षात असू द्या. झोप आठवडेच्या आठवडे उडालीय, छातीत धडधडतंय, जगायची इच्छा राहिली नाही असं वाटतंय, तर आधी डॉक्टर. दहा दिवसांच्या मौन शिबिराला तेव्हा धावू नका. डोळे मिटून एकटं बसल्याने काहींचा त्रास वाढतो. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. चांगला शिक्षक स्वतःच तुम्हाला तिकडे पाठवेल. अ‍ॅप तुम्हाला सहाव्या दिवसाची आठवण करून देईल.

कॉलेजांना माझं एकच मागणं आहे. स्ट्रेस मॅनेजमेंटवरची ती वार्षिक कार्यशाळा बंद करा. ऑडिटोरियममध्ये तीनशे पोरं, पाहुण्यांचं स्वागत, पीपीटी, आभारप्रदर्शन आणि पीडीएफ सर्टिफिकेट. तेवढ्याच पैशात वर्षभर आठवड्यातून एक तास द्या. पंधरा-वीस मुलं, सतरंजी, काही चरखे नाहीतर टकळ्या, आणि शिकवायला सूत कातणारं माणूस. चरखा नको असेल तर बागेत निंदण द्या, मातीकाम द्या. हजेरी घेऊ नका. क्रेडिट देऊ नका, नाहीतर क्रेडिटपुरतीच गर्दी होईल. अर्धी मुलं पहिल्या महिन्यात गळतील. गळू द्या.

आणि कॉलेज हलेपर्यंत तुम्हाला वाट बघायची गरज नाही. एखाद्या संध्याकाळी सेवाग्रामला जा, फोन बॅगेत ठेवून. प्रार्थना मोकळ्या मैदानात पिंपळाजवळ होते. कताई शिकायची आहे म्हणून तिथे कुणाला तरी विचारा. पहिल्या दिवशी हातभरही सूत निघणार नाही, पेळू मात्र तीन-चार वाया जातील. ते खिशात घालून आणा आणि रूमवर परत पिंजायला बसा.